संदर्भसापेक्ष शून्य

डायलिसिस चालू असताना दादाला तिसऱ्यांदा हुडहुडी भरली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेतले आणि हात कसे धुवावेत हे शिकवले.

वहिनी सत्तरीला टेकलेली. उभे आयुष्य तिने बालवाडीतल्या पोरांना हात धुवायला शिकवण्यात घालवलेले. तरी ती त्या पांढऱ्या बेसिनपाशी शहाण्या मुलीसारखी उभी राहिली, तळवे चोळले, बोटांच्या बेचक्यांत साबण फिरवला, नखे दाखवली. शेजारच्या नर्सने "अंगठा राहिला, आजी" असे म्हटल्यावर अंगठाही चोळला. मग घरी येऊन तिने टॉवेल उकळत टाकले, उशांचे अभ्रे उकळत टाकले, आणि दादाच्या मानेतल्या नळीभोवतीची पट्टी बदलण्याआधी ती तीन-तीनदा हात धुऊ लागली.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्याचा तर्कही बिनतोड होता. डायलिसिसच्या रोग्याच्या रक्तात जंतूंचे विष शिरायला वाटा दोनच: एक पाण्याची, दुसरी मानेतल्या नळीची. पाण्यावर पहारा ठेवणारे यंत्र पाणी-खोलीत बसवलेले होते आणि ते शून्य दाखवत होते. म्हणजे पाणी निर्दोष. राहिली नळी. नळीची देखभाल घरी बायको करते. म्हणजे दोष बायकोचा. जगातले पुष्कळ अन्याय अशा बिनतोड तर्कानेच झालेले आहेत. त्यांत पायऱ्या सगळ्या नीट रचलेल्या असतात, फक्त पहिली पायरी हवेत असते.

हे पहाऱ्याचे यंत्र दादाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने बनवलेले होते.

पन्नाशी ओलांडलेली, डोक्याचे निम्मे केस पांढरे झालेली, विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारी ही बाई घरात मात्र अजून धाकटीच होती. दादा तिला त्याच नावाने हाक मारी, आणि वहिनी लग्न होऊन आली तेव्हा परकर नेसून अंगणात लंगडी खेळणाऱ्या या नणंदेला तिने जे 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत. आईवडील लवकर गेले. धाकटीच्या शाळेची, पुस्तकांची, परदेशी शिक्षणाच्या अर्जांवरच्या तिकिटांचीसुद्धा जबाबदारी या दोघांनी वाहिली होती. तिचे लग्न झाले नाही, आणि ते का झाले नाही हे या दोघांनी तिला कधी विचारले नाही. जगात तिच्यावर एवढे मोठे उपकार दुसऱ्या कोणी केले नव्हते.

डायलिसिसमध्ये रक्त धुतले जाते ते पाण्याच्या शेजाराने. मध्ये कागदाहून पातळ पडदा. अलीकडून रक्त वाहते, पलीकडून पाणी. दादाला दिवसभरात दोन पेले पाणी प्यायची मुभा होती, तेही वहिनी औषधासारखे मोजून देई. आणि एकेका खेपेला त्याच्या रक्ताला खेटून पिंपच्या पिंप पाणी वाहून जाई. त्या पाण्यात जंतू वाढले तर त्यांचे विष पडद्याला जुमानत नाही. पूर्वी दवाखाना पाण्याचा नमुना तपासणीला पाठवी. काचेच्या बशीत जंतू वाढवून बघायचे, त्याला काही दिवस लागत. उत्तर येईपर्यंत ते पाणी वापरून झालेले असे, आणि कधी कधी माणूसही.

धाकटीने या काही दिवसांचे काम अर्ध्या तासावर आणले होते. वीज वाहून नेणारे एक प्लॅस्टिक असते. प्लॅस्टिकने वीज अडवावी ही आपली समजूत. पण हे गडद हिरव्या रंगाचे प्लॅस्टिक तारेसारखे वीज पुढे सोडते. बोटभर पट्टीवर कार्बनच्या शाईने रेघा छापायच्या, त्यांवर या हिरव्या प्लॅस्टिकचा लेप चढवायचा आणि लेपावर गळांसारखे सूक्ष्म प्रथिनांचे रेणू रोवायचे. हे गळ ठरावीक जंतूलाच पकडतात. जंतू अडकला की विजेच्या वाटेत अडथळा येतो. जितके जंतू जास्त तितका अडथळा जास्त, आणि तो काचेमागे आकडा होऊन दिसतो. पन्नासच्या वर गेला की भोंगा वाजतो. इतके सोपे वाटणारे काम करायला तिच्या डोळ्यांचा चष्मा दोनदा बदलावा लागला होता.

तिसऱ्या हुडहुडीनंतर ती दादाकडे आली, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि वहिनी मोरीत काहीतरी घासत होती. दादा आयुष्यभर मुद्रितशोधक होता. कायद्याच्या पुस्तकांची मुद्रिते तपासून त्याच्या भुवयांमध्ये कायमची एक उभी आठी पडली होती. आजारपणाने आठी खोल झाली आणि जीभ जास्त मोकळी.

"धाकटे, तुझं यंत्र मोठं समाधानी आहे," तो म्हणाला. "मी त्या खुर्चीवर जाताना काचेतून बघतो. दर वेळी शून्य. काल शून्य, त्याआधी शून्य. असा संतुष्ट प्राणी मी माझ्या सासऱ्यांनंतर पाहिला नाही."

मोरीतून वहिनीने "माझ्या वडिलांना मध्ये आणू नका" म्हणून बजावले.

"तसं नव्हे गं. आमच्याकडे एखादं मुद्रित एकही खूण न होता परत आलं, तर आम्ही म्हणायचो, हे शुद्ध नाही, हे वाचलेलंच नाही."

धाकटी हसली, आणि हसता हसता थांबली. कारण तिच्या यंत्राने कोणत्याही पाण्याला शून्य दाखवायला नको होते. नितळातल्या नितळ पाण्यातले काही ना काही त्या हिरव्या लेपाला चिकटतेच. म्हणून अगदी निर्दोष पाण्यालाही ते दोन दाखवते, तीन दाखवते. शून्य फक्त एकाच द्रवाचे. तो तिच्या प्रयोगशाळेतून सीलबंद बाटल्यांत भरून जाई आणि रोज सकाळी नवी पट्टी त्यात बुडवून यंत्राला 'इथून मोजायला लाग' असे सांगायचे असे. हे ती स्वतः जाऊन शिकवून आली होती. त्यानंतर तिला तिथे जाऊ देण्यात आले नव्हते. तिच्या विभागप्रमुखांनी मोठ्या मायेने सांगितले होते, "बाई, तुम्ही प्रयोगशाळा सांभाळा. बाहेरचं मी बघतो."

या विभागप्रमुखांना विद्यार्थी समन्वय सर म्हणत. कोणत्याही दोन गोष्टींचा समन्वय साधता येतो अशी त्यांची श्रद्धा होती, मग त्या दोन गोष्टींपैकी एक खरी आणि दुसरी खोटी का असेना. मोजपट्टीला हात न लावता मोजमापाच्या तत्त्वज्ञानावर ते तासभर बोलू शकत, आणि बोलत. गेल्या वर्षी एका परिसंवादात त्यांनी 'संदर्भसापेक्ष शून्य' नावाचा निबंध वाचल्याचे धाकटीच्या कानावर आले होते. तो निबंध तिने वाचला नव्हता. कोणीच वाचला नव्हता. त्यांच्या निबंधांची कीर्ती त्यामुळेच अबाधित होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या पाणी-खोलीत गेली.

तळमजल्याच्या मागच्या अंगाला ती खोली. निळ्या टाक्या, गाळण्यांच्या उभ्या नळकांड्या, पंपाची घरघर, आणि छताखालून वॉर्डाकडे जाणारा जुना नळ, ज्याची एक शाखा कुठेच न जाता भिंतीपाशी थांबलेली होती. कधी काळी तिथे दुसरा वॉर्ड असावा. खोलीचा ऑपरेटर स्टुलावर बसून वर्तमानपत्रातले कोडे सोडवत होता. यंत्राची बाई स्वतः आलेली पाहून तो अदबीने उठला आणि आपणहून सांगू लागला की आता काही त्रास नाही. सुरुवातीला यंत्र फार ओरडायचे, सारखा भोंगा. वरून माणसे धावत यायची, साहेब रागवायचे, नळ एकदा धुऊन झाला तरी आठवड्याभरात पुन्हा ओरड. मग तुमच्याच विद्यापीठातले मोठे सर आले, त्यांनी पद्धत बदलून दिली आणि तेव्हापासून यंत्र अगदी गरीब झाले.

पद्धत दाखवा, असे ती म्हणाली.

त्याने दाखवली. मोठ्या टाकीच्या तोटीखाली पेला धरला, वॉर्डाला जाणारेच पाणी त्यात घेतले, नवी हिरवी पट्टी त्यात बुडवली, आणि 'शून्य' असे लिहिलेले बटण दाबले. मग त्याच पेल्यातले पाणी त्याच पट्टीवरून सोडले आणि अर्ध्या तासाने काचेकडे बोट केले. काचेमागे शून्य उमटले होते.

पाण्यातून तेच पाणी वजा केले तर दुसरे काय उरणार? गटाराचे घेतले असते तरी हेच उरले असते. मूर्खपणाचा धाकटीला सराव होता. प्रत्येक संशोधकाला असतो. पण हा मूर्खपणा नव्हता. मूर्ख माणसाने बटण चुकून दाबले असते. इथे शिकलेल्या माणसांनी बसून, विचार करून, तिच्या यंत्राला प्रश्न आणि उत्तर एकाच पेल्यातून पाजले होते.

"आणि सीलबंद बाटल्या?" तिने विचारले.

"कपाटात आहेत मॅडम. एकही फुटू दिली नाही," ऑपरेटर अभिमानाने म्हणाला, आणि त्याने कपाट उघडले. तिच्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, धूळ पुसलेल्या, एकीचेही सील न तुटलेल्या.

तिने एका बाटलीचे सील तोडले. नवी पट्टी त्या द्रवात बुडवून बटण दाबले. मग टाकीचे पाणी सोडले आणि पदराआड हात घट्ट धरून अर्धा तास उभी राहिली. आकडा आधी रेंगाळला, मग चढू लागला. पन्नास ओलांडल्यावर भोंगा सुरू झाला. शंभर ओलांडले. दोनशेच्या पुढे तो जरासा अडखळला आणि मग आणखी चढला. ऑपरेटरने कानांवर हात ठेवले होते आणि त्याच्या चेहऱ्यावर पाण्याची काळजी नव्हती. आता साहेब येतील, एवढीच होती.

साहेब आले. हे दवाखान्याचे दर्जा अधिकारी. त्यांनी भोंगा बंद करवला, बाईंना आपल्या खोलीत नेले, फोन करून समन्वय सरांनाही बोलावून घेतले. खोलीच्या चारी भिंतींवर चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत दवाखान्याच्या दर्जाविषयी कोणीतरी कोणाला तरी दिलेली ग्वाही होती. त्या ग्वाह्यांत तिच्या यंत्राचाही फोटो होता, हार घातलेला.

सर येईपर्यंत दर्जा अधिकाऱ्यांनी हवापाण्याविषयी बोलून घेतले. सर आल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि हात जोडण्यासारखे करून म्हणाले, "तुमच्या पद्धतीनं दोनशे. सरांच्या पद्धतीनं शून्य. आता मी एक साधा प्रशासक. दोन विद्वानांच्या भांडणात मी कोणाचं ऐकावं?"

"भांडण नाही हो," सर म्हणाले. "बाई तत्त्वतः बरोबर आहेत. पण शून्य म्हणजे तरी काय? तो एक संकेत आहे. प्रत्येक ठिकाणच्या पाण्याचा स्वतःचा स्वभाव असतो. यंत्रानं त्या स्वभावाशी जुळवून घ्यायला नको? आपण कुठे उभे राहून मोजतो यावर सगळं अवलंबून असतं, बाई."

"सर, माझा भाऊ तिथे आडवा असतो," धाकटी म्हणाली.

सरांनी सहानुभूतीने मान हलवली. आता त्यांना तिचा सूर कळला. बाई भावनेच्या भरात आहेत. शास्त्रज्ञाने नातेवाइकांच्या बाबतीत तटस्थ राहणे किती कठीण असते यावर ते दोन वाक्ये बोलले, आणि ती दोन्ही सुंदर होती.

मग तिने विचारले की आज पाणी बंद होणार का. दर्जा अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले की करारात सगळे लिहिलेले आहे. यंत्राने पन्नासपेक्षा वर आकडा दाखवला तर समितीला कळवायचे. समिती बसेल, दोन्ही पद्धतींचा तौलनिक विचार करेल आणि योग्य ती शिफारस करेल. समितीचे अध्यक्ष सध्या दौऱ्यावर होते. तोवर वॉर्ड चालू राहणे क्रमप्राप्त होते. पुढच्या महिन्यात मानांकनवाले पाहणीला येणार. नळ उखडून ठेवलेला त्यांना दाखवायचा का? आणि रोग्यांची गैरसोय करून चालणार नाही, असेही त्यांनी जोडले. रोग्यांची गैरसोय हे शब्द या खोलीत नेहमी शेवटी येत, म्हणजे त्यानंतर कोणाला काही बोलता येऊ नये.

हुडहुडी भरलेले रोगी किती, असे तिने विचारले. तो आकडा त्यांच्याकडे होता. त्या प्रत्येकाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एकच शेरा होता: 'घरगुती स्वच्छतेचा अभाव'. म्हणजे वहिनी एकटी नव्हती. या गावात कितीतरी बायका, मुली, सुना, एखादा म्हातारा बाप, आपापल्या मोरीत उभे राहून आपल्या निर्दोष हातांचे सालटे काढत होते.

उद्या सकाळी दादाची पाळी होती. वहिनी त्याला धरून आणील, खुर्चीवर बसवील, हात धुऊन दाखवील; आणि काचेमागे शून्य असेल.

करारातले ते कलम सरांनी घातले होते, हे तिला आठवले. आणि त्याच्याच खालचे कलम तिने स्वतः, हट्टाने, भांडून घातले होते, हेही आठवले. यंत्र नादुरुस्त झाल्यास, पाण्याची दुसऱ्या मार्गाने खात्री होईपर्यंत वॉर्डाची जोडणी तत्काळ बंद ठेवावी. त्याला समिती लागत नव्हती. त्यावर तिने सहा महिने वाद घातला होता, कारण आंधळ्या पहारेकऱ्यापेक्षा पहारेकरी नसणे बरे, असे तिला तेव्हा वाटले होते.

म्हणजे असे होते की यंत्राने खरे सांगितले तर पाणी चालू राहणार होते. यंत्र खोटे ठरले तर बंद होणार होते.

दोन चष्मे, अगणित पट्ट्या, आणि आयुष्यात कोणत्याही निबंधात एक दशांशसुद्धा सोयीने न फिरवल्याचा ताठा, एवढे तिच्याकडे होते. ती काही क्षण भिंतीवरच्या त्या हार घातलेल्या यंत्राकडे बघत राहिली.

"यंत्र बिघडलं आहे," ती म्हणाली.

दर्जा अधिकारी पुढे वाकले. "म्हणजे?"

"म्हणजे ते जे दाखवतं त्यावर विश्वास ठेवू नका. आजच्या दोनशेवरही नको, आणि आजवरच्या शून्यांवरही नको."

निदान शेवटचे शब्द खरे होते. आणि त्यांनीच काम केले. दोनशे ऐकून न हललेला तो माणूस आजवरच्या शून्यांचे ऐकून उठून उभा राहिला. दोनशे हा केवळ आकडा होता. तो समितीपुढे ठेवता आला असता. पण शून्ये चौकटीत लावून झाली होती, पाहणी करणाऱ्यांना दाखवून झाली होती. ती खोटी निघाली तर त्यांच्याखाली कोणाची सही आहे हे विचारले गेले असते. त्यांनी फोन उचलला आणि जोडणी बंद करायला सांगितले. रोग्यांना पलीकडच्या दवाखान्यात हलवायच्या गाड्यांची व्यवस्था जेवायच्या सुट्टीआधी झाली. गैरसोय, जी होऊ द्यायची नव्हती, ती इतक्या सहज झाली की तिचे कोणाला काही वाटलेसुद्धा नाही.

जाता जाता समन्वय सर तिच्यापाशी थांबले. त्यांचा चेहरा निवळला होता.

"आपली चूक मान्य करायला मोठं मन लागतं, बाई."

उत्तर द्यायला धाकटीकडे पुष्कळ होते. पण उद्याची सकाळ सुटली होती, आणि ती पुन्हा अडकवण्याइतके महाग बोलणे तिला परवडणारे नव्हते.

पुढे सारे रीतसर झाले. दवाखान्याने आधी नळ उघडला, भिंतीपाशी थांबलेली, पाणी साचून जंतू वाढवणारी ती मुकी शाखा कापून काढली, उरलेला मार्ग औषधाने धुतला, आणि हे सगळे झाल्यावर पाण्याचा नमुना तपासणीला पाठवला. नमुना स्वच्छ निघाला. ऑपरेटरने धाकटीला हळूच सांगितले की कापलेल्या नळाच्या आत बोटभर जाडीचा बुळबुळीत थर होता आणि त्याला वास येत होता; पण नळ तोवर भंगारात गेला होता आणि वासाची नोंद करण्याची पद्धत नव्हती. त्या दिवशी तिने पेल्यातले थोडे पाणी बाटलीत भरून आणले होते, ते काचेच्या बशीत लावले, आणि बशी हिरवट ठिपक्यांनी भरून गेली. तो पुरावा तिने पाठवला. समितीच्या परवानगीवाचून घेतलेला नमुना हा नमुना मानता येत नाही, असे उत्तर आले. अहवालात दवाखान्याच्या तत्परतेचे कौतुक होते. यंत्र सदोष असल्याचे संशोधिकेने स्वतः कळवले, असेही होते. पाणी कधीही दूषित असल्याचे अहवालात कुठेच नव्हते.

पलीकडच्या दवाखान्यात दादाला एकदाही हुडहुडी भरली नाही.

तो खाऊ लागला, त्याचे बोलणे वाढले. खरा प्रकार धाकटीने त्याला सांगितला. "म्हणजे बरोबर असलेलं तू चूक म्हणून खोडलंस," तो म्हणाला. "आमच्या छापखान्यात अशाला काढून टाकायचे."

"मलाही टाकलंच आहे जवळजवळ," ती म्हणाली. प्रयोगशाळेचा निधी सरांच्या नव्या प्रकल्पाकडे वळला होता. निधी गेला तरी तिला झोप लागत होती. जे सोसवत नव्हते ते दुसरेच होते, आणि ते तिला त्या घरात, मोरीतून येणाऱ्या आवाजाने कळले.

वहिनी अजून टॉवेल उकळत होती. अभ्रे उकळत होती. तिच्या हातांची कातडी ठिकठिकाणी फुटून लाल झाली होती, आणि त्यावर ती पुन्हा साबण लावत होती.

"वहिनी, पुरे," धाकटी म्हणाली. "पाण्यातच घाण होती. तुला सांगितलं ना."

"तुम्ही सांगितलंत वन्सं. ह्यांनीही सांगितलं." वहिनीने नळ बंद केला नाही. "पण त्यांनी कुठे सांगितलं?"

धाकटी दारातच थांबली. एका वाक्याने तिने पाणी बंद करवले होते, आणि त्याच वाक्याने या हातांवरचा आरोप कायम करून ठेवला होता. यंत्र खोटे, म्हणजे पाण्याविरुद्ध पुरावा नाही, म्हणजे कारणाच्या रकान्यातला शेरा जिथे होता तिथेच. दादाचा जीव वाचवायची किंमत आपण दिली अशा समजुतीत ती होती. किंमत मोरीत उभी होती. ज्यांनी इथे येऊन दोन शब्द बोलायला हवे होते, त्यांपैकी एक जण पाहणीवाल्यांना चौकटी दाखवत होता आणि दुसरा कुठल्याशा परिसंवादात बीजभाषण करत होता.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन आली. सदोष वस्तू म्हणून ते विभागाच्या अडगळीत परत आले होते. कोणाची हरकत नव्हती. तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवले, तेलाची बाटली बाजूला सारली, वायर जोडली. दादा खुर्ची ओढून घेऊन परीक्षकासारखा बसला. सीलबंद बाटली फोडताना धाकटीने सील वहिनीला दाखवले. पट्टी बुडवली. 'शून्य' दाबले.

"आता हात धुवा," ती म्हणाली, "तुमच्या पद्धतीनं. आणि शेवटचं पाणी या पेल्यात घ्या."

तिने वहिनीला इतक्या वर्षांत कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते. वहिनीने तिच्याकडे चमकून पाहिले, मग हात धुतले. घाईने, कोणी बघत नसल्यासारखे, जसे ती उभ्या जन्मात धूत आली होती. अंगठाही. शेवटची धार पेल्यात धरली.

तिघेही अर्धा तास काचेकडे बघत बसले. दादाने एकदा, भोंगा वाजला तर शेजारी काय म्हणतील, असे विचारले, आणि बायकोने डोळे वटारल्यावर तो गप्प झाला.

आकडा हलला. एक झाला. दोन झाला. तिथेच किंचित थरथरत राहिला.

"दोन म्हणजे?" वहिनीने विचारले.

"म्हणजे नितळातलं नितळ पाणी. याहून कमी फक्त खोटं असतं." धाकटीचा आवाज कोरडा होता, तिने तो तसा ठेवला होता. "तुमचे हात स्वच्छ होते, वहिनी. पहिल्यापासून. चूक दवाखान्याची होती. त्यांना हे सांगायला यायला जमलेलं नाही, म्हणून मी सांगते आहे."

वहिनीने काचेवर बोट ठेवले, आकड्याच्या अगदी वर, बालवाडीत मुलांना अंक गिरवायला शिकवताना ठेवायची तसे. मग पदराने काच पुसली, कारण बोटाचा ओला ठसा उमटला होता.

"मग वन्सं," ती म्हणाली, "त्या टॉवेलांच्या पातेल्याखालचा गॅस बंद करू?"